काडतुसात दारू किती? चमचा, काटा आणि बॅटरी

गोळी सुटली की काडतुसातलं सगळंच संपत नाही. दारू जळून जाते, बुडातला प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, फुटतो, गोळी निघून जाते. पितळेची पुंगळी मात्र शाबूत उरते, आणि काडतुसाच्या या चार भागांत सहसा सगळ्यात महाग तीच असते. म्हणून अमेरिकेतले नेमबाज आणि शिकारी पुंगळ्या वेचून घरी आणतात, साफ करतात आणि पुन्हा भरतात. याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. त्यामुळे तळघरात किंवा गॅरेजमध्ये एक भक्कम टेबल, त्याला बोल्टनं आवळलेला हाताचा प्रेस आणि शेल्फवर दारूचे डबे हे चित्र तिकडे नवलाचं नाही.

आपल्याकडे मात्र हा छंद म्हणून करता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. तेव्हा ही कृती नव्हे; लोक हे कसं करतात आणि गोष्टी कुठे बिघडतात, एवढंच इथे पाहायचंय. आपल्या नेमबाजांचाही यात फारसा संबंध येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते .२२ च्या काडतुसांवर. त्या काडतुसात पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि बार उडताना ती कडच चेपते. पुन्हा भरायला जागाच राहत नाही.

जी काडतुसं भरता येतात त्यांच्या बुडाच्या मधोमध वेगळा प्रायमर बसवलेला असतो. जुना काढायचा, पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. बाकीच्या पायऱ्यांत चूक झाली तर बहुधा काडतूस बंदुकीत बसत नाही किंवा उडत नाही. दारूची चूक मात्र बाहेरून दिसत नाही. एकदा गोळी बसली की आत काय आणि किती आहे, हे नुसतं पाहून कुणालाच सांगता येत नाही.

दारूचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. हे एकक परकं वाटलं तरी आपल्या सराफ बाजारात ते मागच्या दारानं येऊन गेलेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत १८३३ साली तोळ्याचं वजन १८० ग्रेन ठरवलं गेलं. आजीच्या पाटल्यांचा हिशेब ज्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात व्हायचा, तो हाच. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा धरला तर एक गुंज दोन ग्रेनच्या थोडी आत येते. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात दारू पडते साधारण चार ते सहा ग्रेन, म्हणजे दोन-तीन गुंजा. तेवढ्या चिमटीनं नळीत दर चौरस इंचाला ३५,००० पौंडांपर्यंत दाब तयार होतो, वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ २,४०० पट. ही मर्यादा ठरवते ती सामी ही अमेरिकी उत्पादकांची संस्था. ती १९२६ पासून आहे आणि प्रत्येक काडतुसाची कमाल मर्यादा ती जाहीर करते. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची मर्यादा १७,००० आहे, तर .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसाची ६२,०००.

आता मूळ प्रश्न. दारू मापानं घ्यायची की वजनानं?

जुना रिवाज मापाचा. आपल्याकडे कोकणात, घाटात ज्याला ठासणीची बंदूक म्हणतात तिच्यात नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी किंवा छर्रे ठासायचे आणि बार उडवायचा. अशा बंदुकीची दारू काळी: सोरा, कोळसा आणि गंधक. ती शिंगात किंवा बुधलीत ठेवायची आणि ठरलेल्या नळकांड्यानं मोजून ओतायची. काळ्या दारूच्या बाबतीत हे चालून जातं. तिची ताकद कमी, चुकीला वाव जास्त, आणि एका मापात दर वेळी जवळपास तेवढंच वजन येतं. त्यामुळे त्या नळकांड्यांवर खुणा असतात ग्रेनच्या, पण ते ग्रेन खरे वजनाचे नव्हेत. ‘१०० ग्रेन’ म्हणजे १०० ग्रेन काळी दारू जेवढी जागा व्यापेल तेवढी जागा. पुढे काळ्या दारूला पर्याय म्हणून पायरोडेक्ससारख्या पावडरी आल्या. त्या वजनाला हलक्या, पण त्याच मापात भरल्या तर जवळपास तोच जोर देतील अशा बेतानं बनवलेल्या. तिथे कुणी शहाणपणानं काट्यावर १०० ग्रेन तोलून घातली, तर तो जास्तच भरून बसतो.

मग आली बिनधुराची दारू. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ती पहिल्यांदा कामाची करून दाखवली. नायट्रोसेल्युलोज हा तिचा पाया. काही प्रकारांत जोडीला नायट्रोग्लिसरीनही असतं. तेवढ्याच वजनात ती काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट काम करते. काळ्या दारूच्या मापानं बिनधुराची दारू ओतली, की ठासणीच्या बंदुकीची नळी फाटते. ‘ग्रेन तर ग्रेनच ना’ या समजुतीनं तिकडे लोकांनी बोटं आणि डोळे गमावलेत.

बिनधुराच्या दारूचा कण नुसता भुगा नसतो. कुठे चपट्या पापुद्र्या, कुठे बारीक गोळे, कुठे शेवेच्या तुकड्यांसारख्या कांड्या. वरून ग्रॅफाइटचा थर, म्हणून रंग करडा-काळा आणि कण घरंगळणारे. आकार वेगळा की एका मापात बसणारं वजनही वेगळं. आपल्याकडे धान्य पायलीनं, शेरानं मोजायचे तेव्हा ही गोष्ट कुणाला समजवावी लागत नसे: एक पायली ज्वारी आणि एक पायली लाह्या उचलून पाहिल्या की झालं. एक घन सेंटिमीटरच्या डिपरमध्ये, म्हणजे दारू मोजायच्या पेल्यात, फुसफुशीत पापुद्र्यांची दारू सात-साडेसात ग्रेन बसते. त्याच डिपरमध्ये घट्ट गोळ्यांची दारू पंधराच्या आसपास. डिपर तोच, हात तोच, वजन दुप्पट. म्हणून माप कधीच एकटं चालत नाही. त्याच्याबरोबर कुठली दारू, हे लागतंच.

डिपर म्हणजे अगदी साधी वस्तू: लांब दांड्याचा छोटा पेला. विस्कॉन्सिनमधल्या ली कंपनीचा पिवळ्या प्लास्टिकच्या पंधरा डिपरांचा संच या छंदात सगळ्यांना माहीत आहे. ०.३ घन सेंटिमीटरपासून चढत्या क्रमानं मापं, आणि सोबत कुठल्या दारूला कुठलं माप किती ग्रेन देतं त्याचा तक्ता. रिचर्ड ली यांनी १९५८ साली काडतुसं भरायचा एक खिशात मावेल असा संच काढला. ना प्रेस, ना काटा. हातोडीनं ठोकून सगळं काम करायचं, आणि दारूसाठी आत एक डिपर.

हा डिपर वापरायची रीत बघण्यासारखी आहे. दारू एका रुंद वाटीत, डिपर पूर्ण बुडेल एवढी घ्यायची. डिपरनं ती साखरेसारखी उपसायची नाही. तोंड वर ठेवून डिपर बुडाकडून सरळ खाली दाबायचा, म्हणजे दारू काठावरून आपल्या वजनानं आत घरंगळते. मग उचलायचा. वर शीग आलेली असते. ती व्हिजिटिंग कार्डाच्या कडेनं एकाच सरळ हातानं काढायची. हलवायचं नाही, आपटायचं नाही, कार्डानं दाबायचं नाही. डिपर दोनदा टेबलावर टेकवला की कण खाली बसतात, वर जागा होते आणि तेवढी दारू जास्त जाते. पोत्याला धक्के देऊन माप वाढवण्याची युक्ती मोंढ्यातल्या हमालांना पूर्वापार माहीत आहे. इथे तीच युक्ती नकळत घडते. म्हणून डिपरवाल्याचं कौशल्य नेमकेपणात कमी आणि एकसारखेपणात जास्त असतं. शंभरव्या वेळी हात पहिल्यासारखाच चालला पाहिजे.

डिपरची अडचण अशी, की दोन मापांच्या मधलं वजन हवं असेल तर तो काही करू शकत नाही. शिवाय त्याच नावाच्या दारूचा नवा डबा आणला तर घनता थोडी बदललेली असू शकते. दमट हवेत दारू ओलावाही धरते. म्हणून जाणते लोक डिपर वापरतात तेव्हाही नव्या डब्यातली पहिली काही मापं काट्यावर ठेवून बघतात आणि मगच पुढे जातात.

त्याच्या वरची पायरी पावडर मेझरची. वर दारूची उभी नळी, खाली फिरणारा ड्रम, ड्रममध्ये स्क्रूनं लहानमोठा करता येणारा खळगा आणि बाजूला दांडा. दांडा वर केला की खळगा भरतो, खाली केला की रिकामा होतो. हेही मापच, फक्त मधलं वजन जमवता येतं. पापुद्र्या आणि गोळ्यांची दारू यातून छान पडते; लांब कांड्यांची दारू अडकते. ड्रम फिरताना एखादी कांडी कापली जाते आणि दांड्याला कचकन लागतं. त्याहून वाईट म्हणजे कांड्या खालच्या नळीत आडव्या पडून पूल बांधतात: एका पुंगळीत दारू कमी जाते आणि अडकलेली उरलेली पुढच्या पुंगळीत पडते. म्हणून कांड्यांची दारू मेझरमधून जरा कमीच पाडायची आणि उरलेली ट्रिकलरनं, म्हणजे कण हळूहळू सोडणाऱ्या छोट्या नळीनं, एकेक कण काट्यावर सोडायची.

काट्यात दोन पंथ आहेत. जुन्यांचा विश्वास दांडीच्या काट्यावर: एका बाजूला छोटं पारडं, दांडीवर सरकणारी वजनं आणि टोकाला झोके थांबवायला चुंबक. त्यावर एक दशांश ग्रेनचा, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा फरक वाचता येतो. डिजिटल काटा पटकन आकडा देतो, पण त्याचे लाड फार. चालू केल्यावर त्याला तापू द्यावं लागतं, पंख्याची किंवा एसीची झुळूक त्याला सोसत नाही, आणि तासाभरात त्याचं शून्य हळूच सरकतं. थंडीत, कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पारड्यावर स्थिर वीज साठते आणि कण त्याला चिकटून राहतात. दोन्ही पंथांना एक गोष्ट चुकत नाही: वजन माहीत असलेले छोटे प्रमाण-तुकडे ठेवून काटा मधूनमधून तपासणं.

आता हा दशांश ग्रेन किती महत्त्वाचा? हे काडतुसावर अवलंबून आहे, आणि नवखे इथेच उलटी काळजी करतात. .३०८ च्या पुंगळीत चाळीसहून जास्त ग्रेन दारू मावते. तिथे दशांश ग्रेन म्हणजे पाव टक्क्याच्या आतबाहेर. पिस्तुलाच्या चार ग्रेनमध्ये तोच दशांश अडीच टक्के होतो. लोक रायफलीची काडतुसं कणाकणानं तोलतात आणि पिस्तुलाची धडाधड भरतात. खरी काटेकोर वागणूक लहान काडतुसाला हवी.

याहून गमतीची गोष्ट बेंचरेस्टवाल्यांची. बाकावर रायफल टेकवून १००-२०० यार्डांवर पाच गोळ्या जवळपास एकाच भोकातून पाठवणं हा त्यांचा खेळ. त्यासाठी १९७५ साली ६ पीपीसी नावाचं खास काडतूसच घडवलं गेलं. जगातली सगळ्यात अचूक नेमबाजी जिथे चालते, तिथे बहुतेक जण मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, पावडर मेझरच्या दांड्यानं मापून काडतुसं भरतात. तोलत नाहीत. एवढ्या अंतरावर वेगातल्या किंचित फरकानं गोळीची उंची बदलत नाही म्हणावी इतकी कमी बदलते. हजार यार्डांवर मात्र तोच फरक लक्ष्यावर उभ्या रेषेत उघड दिसतो, म्हणून तिथले नेमबाज एकेका कणासाठी अडून बसतात. मला वाटतं, ‘माप की वजन’ हा वाद घालणाऱ्यांनी आधी ‘किती लांब मारायचंय’ हे विचारावं. निम्मे वाद तिथेच मिटतील.

दशांश ग्रेननं बंदूक फुटत नाही. फुटते ती याहून ढोबळ चुकीनं, आणि ती समजायला दारू कशी जळते ते पाहावं लागेल.

बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर फक्त फुर्रकन जळते. पुंगळीत कोंडली की वागणं बदलतं. कण पृष्ठभागावरून आत जळत जातो. वायू तयार होतो, दाब वाढतो. दाब वाढला की कण आणखी वेगानं जळतो, म्हणून दाब आणखी वाढतो. या चढाओढीत सुटकेची वाट एकच: गोळी पुढे सरकते आणि वायूला जागा मिळते. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून तिथली दारू चपळ जळणारी. रायफलीची गोळी जड आणि नळी लांब, म्हणून तिथली दारू सावकाश जळणारी. दारू दुप्पट झाली की दाब दुपटीवर थांबत नाही, कारण जळण्याचा वेगही वाढलेला असतो. आणि पिस्तुलाची चपळ दारू चुकून रायफलीच्या पुंगळीत गेली, तर वजन दशांशापर्यंत बरोबर असूनही बंदूक फुटू शकते. गोळी हलायच्या आत सगळा वायू तयार झालेला असतो.

आता .३८ स्पेशलची पुंगळी घ्या. हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघालं तेव्हा त्यात काळी दारू भरत, आणि काळी दारू जागा खाते. पुंगळी त्या हिशेबानं लांब. आज तिच्यात चपळ बिनधुराची दारू जाते तीन ते पाच ग्रेन. पुंगळीच्या तळाशी एक थर दिसतो, वरची सगळी जागा रिकामी. फोन वाजला, माणूस उठला, परत आला आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू ओतली, तरी वर काही सांडत नाही. गोळी नेहमीसारखी बसते. काडतूस बाकीच्या एकोणपन्नासांसारखंच दिसतं. काट्याचा यात काही दोष नाही. दोन्ही वेळचं वजन त्यानं बरोबर सांगितलेलं असतं.

याच्या उलट चूक दारू न घालण्याची. मग नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज फुसका येतो. ज्यानं तो ओळखला तो थांबतो, नळी तपासतो. पटापट मारणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो पुन्हा चाप ओढतो, आणि मागून आलेली गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते. नळी फुगते किंवा फुटते. शून्य दारू दुप्पट दारूइतकीच वाईट ठरू शकते, हे नवख्यांना पटकन पटत नाही.

यावरचा उपाय साधा आणि बिनखर्चाचा आहे. पन्नास भोकांची लाकडी किंवा प्लास्टिकची फळी घ्यायची आणि सगळ्या पुंगळ्या तिच्यात उभ्या करायच्या. दारू घालून झाली की एकही गोळी बसवण्याआधी बॅटरीचा झोत वरून टाकून रांगेनं आत बघायचं. वजन दिसत नाही, उंची दिसते. आणि दुप्पट किंवा रिकामी पुंगळी शेजारणीच्या बाजूला लगेच उठून दिसते. हे काम कोणताही काटा करू शकत नाही. काही जण एक पाऊल आणखी पुढे जातात आणि जागा भरून टाकणारी दारूच निवडतात. ट्रेल बॉस नावाची दारू याच हेतूनं बनवली गेली. तिचे कण मधोमध भोक असलेल्या चकत्यांसारखे, फुसफुशीत. जुन्या लांब पुंगळीत ती इतकी जागा व्यापते की दुसऱ्यांदा ओतली तर बाहेरच सांडते.

वजन किती घालायचं हे मात्र कुणीही मनानं ठरवत नाही. दारूचे आणि गोळ्यांचे उत्पादक तक्ते छापतात. त्यांत अमुक दारू, अमुक वजनाची गोळी, अमुक प्रायमर, सुरुवातीचं वजन आणि कमाल वजन दिलेलं असतं. सुरुवातीच्या वजनापासून थोडं थोडं वर जायचं आणि दर टप्प्याला पुंगळ्या तपासायच्या. प्रायमर चपटा पडला, रायफलीचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) जड उघडला, बुडावर चकचकीत ओरखडा आला, म्हणजे दाब फार झाला आणि मागे फिरायचं. चुलतभावाच्या रायफलीत चाललेलं वजन आपल्या रायफलीत चालेलच असं नाही. नळीचं आतलं माप प्रत्येकीचं किंचित वेगळं.

आणि टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. हा नियम छंदातली जुनी मंडळी अगदी सोवळ्यासारखा पाळतात. काम संपलं की मेझर रिकामा करून दारू मूळ डब्यात परत जाते, कारण दोन दिवसांनी त्या नळीत काय होतं ते आठवत नाही आणि करडे कण एकमेकांसारखेच दिसतात. साठाही बेतानंच ठेवतात. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या प्रमाणनियमांनुसार घरात बिनधुराची दारू मूळ डब्यांतच, साधारण वीस पौंडांपर्यंत ठेवता येते. त्याहून जास्त असेल तर जाड लाकडी पेटी लागते. हवाबंद लोखंडी तिजोरी मुद्दाम टाळतात, कारण आग लागली तर घट्ट कोंडलेली दारूच धोक्याची.

चिठ्ठी निघालेल्या डब्याचं किंवा जुनी होऊन आंबट वास सुटलेल्या दारूचं काय करायचं, हाही नेहमीचा प्रश्न. असल्या दारूनं काडतूस भरत नाहीत, मग ती कितीही महाग असो. बरेच जण ती अंगणातल्या हिरवळीवर पातळ पसरून टाकतात. नायट्रोजन असल्यामुळे गवताला तिचं खत होतं.